खडकमाळची टाळी

पाहुणं, पालखी त्या लिंबाच्या वळणावर आली की पंधराच्या पंधरा ढोल एकदम बंद पडतील. संपलं वाटतं, म्हणून गाडीकडं वळू नका. दरवर्षी कुणीतरी वळतंच आणि मला त्याला हाताला धरून मागं आणावं लागतं.

ढोल का थांबतात, ते माझे आजोबा सांगायचे. फार जुन्या काळी म्हणे खडकमाळच्या मेंढरांत रोग शिरला. सकाळी चरायला गेलेला कळप सांजेला अर्धाच परत यायचा. मायाक्का नावाच्या एकट्या बाईपाशी तर चारच मेंढ्या उरल्या. तेव्हा ढोलकऱ्यांचा म्होरक्या धुळाबा सगळ्यांदेखत बिरोबाला नवस बोलला: देवळापासून वरच्या झऱ्यापर्यंत तुझी पालखी वाजत नेऊ, ठेका मध्ये तुटू देणार नाही, पण आमची मेंढरं राख.

आता पंधरा ढोल घुमत असताना माणसाचा आवाज कुठला ऐकू येतोय? सगळा कारभार म्होरक्याच्या रुमालावर. रुमाल डोक्यावर फिरवला की चाल वाढवायची, खांद्यावर टाकला की संथ, तोंडाशी नेला की बंद. आम्हीही तसंच शिकलो. रुमालावरची नजर हलली की आजोबा कान पिळायचे. आता कान पिळायला ते नाहीत, याचंच वाईट वाटतं.

तर पालखी निघाली त्या दिवशी ऊन रणरणत होतं. लिंबापाशी धुळाबाच्या डोळ्यांत घाम उतरला, पुढचं दिसेना, आणि भान न राहून त्यानं रुमालानं तोंड पुसलं. ढोल जागीच थांबले. ढोलकऱ्यांनी बिचाऱ्यांनी खूण पाळली.

पण म्हणे ठेका तुटलाच नाही. गर्दीत मायाक्का पहिल्यापासून टाळीनं साथ देत होती. तिला रुमालाच्या खुणा कुठं ठाऊक? ती आपली वाजवतच राहिली. शेजारणीनं टाळी उचलली, मग म्हाताऱ्यांनी, मग अख्ख्या गावानं. त्या टाळीवर पालखी वळण ओलांडून गेली आणि ढोलांनी पुन्हा चाल धरली. त्यानंतर रोग ओसरला, असं सांगतात.

झऱ्यावर धुळाबानं रुमाल मायाक्काच्या पायांशी ठेवला. "नवस मी मोडला, आक्का. तू राखलास."

"बोललास तू एकटा," ती म्हणाली, "पण मेंढरं समद्यांची हायती. हात समद्यांचं लागणारच की."

आजही त्या वळणावर म्होरक्या मुद्दाम तोंड पुसतो, ढोल थांबतात आणि लोक टाळीवर पालखी पुढं नेतात. पूर्वी ती टाळी पलीकडच्या वाडीत ऐकू जायची. आता पोरं कामाला शहरात गेली, घरं बंद पडली. गेल्या साली तर मध्येच मला माझ्या एकट्याची टाळी ऐकू आली.

तेव्हा तो मोबाईल खिशात घाला, पाहुणं. पालखी आलीच.