केरबा हवालदारानं धरलेला दोर

सरकून बसा मंडळी, पुढं या. घोरणी नदीवर अजून पूल नव्हता आणि काठावरच्या तळेखोलात घड्याळ कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, इतक्या वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

तळेखोलात केरबा शेलार नावाचा हवालदार राहायचा. तो सफरमैना पलटणीतला, म्हणजे फौजेच्या पुढं जाऊन पूल बांधणारा गडी. लढाईत, तिकडं इराकात, बसऱ्याकडं त्यानं एका दुपारीत पूल बांधून अख्खी फौज उंटांसकट पार केली, आणि शेवटचा उंट त्याला सलाम करून गेला, असं म्हणतात. उंट सलाम करतो का, ते मला विचारू नका.

त्याच्या बायकोला, हौसाला, या पुलांचं काडीचं कौतुक नव्हतं. हौसा पंचक्रोशीतली नावाजलेली सुईण. शेकडो बायकांना तिनं धीर दिला, पण तिच्या स्वतःच्या चार लेकी झाल्या तेव्हा केरबा चारही वेळा परमुलखात. पुढं तो पेन्शन घेऊन घरी आला. लेकींच्या वेण्या घालायला शिकला, नातवंडांना पाठीवर घेऊन गावभर नाचला. गाव त्याच्यावर जीव टाकायचं. हौसाही टाकायची, पण चार वेळचं एकटेपण तिच्या मनातून जात नव्हतं.

"जगाचं पूल बांधलं तुमी," ती म्हणायची, "आन् घरच्या नदीवर एक वासा टाकला न्हाई!"

केरबा मिशीत हसायचा आणि तिथून पाय काढायचा.

धाकटी लेक सरजा नदीपल्याड बोरगेवाडीत दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. नागपंचमी झाली की तिला आणू, असं केरबानं ठरवलं होतं. पण त्याआधीच घोरणी अशी फुगली, की नावाड्याची होडी खुंटासकट वाहून गेली. आणि एका सकाळी पैलतीरावरून जावई म्हादूची हाळी आली, "मामीऽऽ, कळा सुरू झाल्यात! प्वार आडवं आलंय! हितली सुईण हात टेकून बसलीय!"

हौसा धावत काठावर आली. आडवं मूल फिरवायचं कसब त्या मुलखात तिच्या एकटीच्या हातात होतं, आणि मधे नदी घोंगावत होती.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. केरबाला ती नजर सगळ्या टोमण्यांपेक्षा जास्त लागली.

"दोर आणा रं!" तो गरजला. "घरात आसंल नसंल तेवढा!"

मग काय विचारता! गाव उठलं. विहिरीचे नाडे आले, बैलांचे कासरे आले, पाळण्याच्या दोऱ्या सुटल्या. केरबा पलटणीच्या गाठी मारत सुटला, त्याची बोटं दिसेनात. तरी दोर चार हात कमी पडला. तेव्हा त्यानं पेटीतून लष्करी पायपट्ट्या काढल्या, पिळल्या आणि जोडल्या. गोफणीच्या धोंड्याला सुतळी बांधून त्यानं धोंडा भिरकावला. एकदा नदीनं गिळला, दोनदा गिळला. तिसरा असा गेला, की थेट सरजाच्या उंबऱ्यात पडला, असं म्हणतात. म्हादूनं सुतळी ओढली, सुतळीमागून दोर गेला. तिकडं तो वडाला बांधला, इकडं उंबराला.

भाकऱ्यांच्या मोठ्या टोपलीत, म्हणजे हाऱ्यात, हौसाला बसवून हारा दोराला टांगला. पाण्याला ती जन्मभर भ्यायची. डोळे मिटून ती हातावर हात टाकत निघाली आणि भीती मोडायला नवऱ्याला शिव्या घालू लागली. "मेल्या हवालदारा, हाईस का?"

"हाय!" काठावरून केरबा ओरडायचा.

ती नदीच्या मध्यावर पोचली आणि उंबर मुळांसकट हलला. काठ ढासळला. दोर सैल झाला, हारा पाण्याला टेकला, बायाबापड्यांनी किंकाळी फोडली. केरबानं झेप घेतली, झाडावरची गाठ सोडली, दोर कमरेला दोन वेढे गुंडाळला, कातळाला टाचा रोवल्या आणि मागं रेलला. दोर ताठ झाला. झाड गेलं पाण्यात, पण माणूस हलला नाही.

"हाईस का?" हौसा ओरडली.

"हाय गं! तू हो फुडं!"

ती पोचली. अंगावरच्या ओल्या लुगड्यानिशी लेकीच्या घराकडं पळत सुटली.

गडी म्हणाले, "हवालदार, सोडा आता. दुसऱ्या झाडाला बांधू."

"चार बाळंतपणं तिनं एकटीनं काढली," केरबा म्हणाला. "ह्या खेपेला पहारा माझा. ती परत येऊस्तवर दोर माझ्या हातात ऱ्हाईल."

कुणी म्हणतात तो एक दिवस बसला, कुणी म्हणतात तीन. मला विचाराल तर दीड. त्याच्या थोरल्या लेकी त्याला भाकरी भरवत होत्या आणि तो पैलतीरावरची नजर काढत नव्हता. शेवटी तिकडून थाळी वाजली! सरजा सुखरूप सुटली होती. एरवी थाळी मुलाचीच वाजायची; इथं मुलगी झाली होती, तरी हौसानं थाळी वाजवायला लावली, आणि अशी वाजवली की थाळीला पोचा आला. तळेखोलात लोक चिखलात नाचले. केरबा तेवढा बसून राहिला, कारण हौसा यायची होती.

ती त्याच दोरानं परत आली. त्याच्या तळव्यांत दोराचे पीळ उमटले होते. ती ते हात पदरानं पुसत राहिली आणि पुलाबद्दल पुन्हा जन्मात बोलली नाही.

केरबा पिकल्या वयात गेला. त्याच्या टाचांचे दोन खळगे त्या कातळात आहेत, असं म्हणतात. घोरणीवर आता सिमेंटचा पूल आहे, बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. पण तळेखोलातली बाई अडली, की तिच्या नवऱ्यानं हातात दोर धरून बसायचं, बातमी येईपर्यंत सोडायचा नाही. या गावचे कितीतरी गडी अजून फौजेत आहेत. त्यांना सातव्या महिन्यातच घरून हातभर दोर टपालानं जातो. आणि इकडं दवाखान्यात नेताना बाई बाकी काही विचारत नाही. फोन लावून एवढंच विचारते, "दोर धरलाय न्हवं?"

आणि कुठल्यातरी बर्फातल्या चौकीवरून उत्तर येतं, "धरलाय."