नदीवर रुसलेला नावाडी

एका गावात एक नावाडी होता. लोकांना होडीतून पलीकडं नेणं हे त्याच्या घराण्याचं पिढीजात काम. दर श्रावणात तो खणानारळानं नदीची ओटी भरायचा, आणि तेवढ्यावर नदी आपल्या शब्दाबाहेर नाही असं त्याला वाटायचं.

एका वर्षी मोठा पूर आला. तो ओसरला तेव्हा नदीनं पात्रच बदललं होतं. घाटापुढं नुसती वाळू उरली आणि पाणी अर्ध्या कोसावरून, बाभळीच्या रानापलीकडून वाहू लागलं.

नावाड्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "इतकी वर्षं ओटी भरली, त्याचं हे फळ? सांगणं नाही, सवरणं नाही, चालली आपली!"

"अहो, होडी तिकडं ओढून नेऊ," बायको म्हणाली. "चार गडी लागतील, एवढंच."

"मी का जाऊ? वाट तिनं सोडली. यायचं तर तिनं यावं!"

आता नदीला काय कान असतात? पण हा पठ्ठ्या रोज कोरड्या घाटावर बसून तिचा उद्धार करायचा. गावकरीही असे, की "अन्याय झाला खरा" म्हणून मान डोलवायचे आणि लांबच्या उथळ जागेवरून पायी पलीकडं जायचे. त्याला खडसावायची हिंमत एकालाही झाली नाही! लाकडी होडी उन्हात पडली की फळ्या आकसतात, हे नावाड्याच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. यालाही दिसत होतं. फटींत बोट जाऊ लागलं, तरी तो हलला नाही.

एके दुपारी शेजारीण धावत आली. कडेवर तापानं फणफणलेली लेक, आणि वैद्य पलीकडच्या गावात. "दादा, होडी काढा!"

नावाडी ताडकन उठला. चार गड्यांनी होडी ओढत नेली, पाण्यात लोटली, आणि फटींतून असं पाणी शिरलं की बघता बघता ती तळाला बसली. कुणाला काही सुचायच्या आत नावाडिणीनं पोरीला डोक्यावर धरलं आणि गळ्याएवढ्या पाण्यातून ती पलीकडं गेली.

पोर वाचली. नावाडीण परतली तेव्हा नवरा काठावर ओरडतच होता. नदीवर, फळ्यांवर, नशिबावर.

"रागवा!" ती कडाडली. "मलाही नदीचा राग येतो. ती काही परत यायची नाही, म्हणून तर जास्तच येतो. पण होडी पाण्यात ठेवून रागवा! आज ती पोर गेली असती, तर कुणावर रागावला असतात?"

नावाडी पाण्यात उतरला. त्यानं होडीत दगड भरले आणि फळ्या फुगेपर्यंत, तीन दिवस, ती नव्या काठाशी बुडवून ठेवली. चौथ्या दिवशी पहिली खेप केली. वल्हं मारताना नदीला शिव्या चालूच होत्या, पण पलीकडं पोचलेल्यांची त्या शिव्यांना काही हरकत नव्हती.

तात्पर्य: जे बदलता येत नाही त्याचा राग येणारच, खुशाल यावा. पण रुसून हातातलं काम वाळत टाकलं, तर शिक्षा नदीला होत नाही, काठावर वाट पाहणाऱ्याला होते.