मागे राहिलेलं विरजण

मातीची गाडगी आपसांत बोलत, त्या दिवसांतली ही गोष्ट. एका गाडग्याच्या तळाशी रोज चमचाभर दही विरजण म्हणून मागे ठेवलं जाई. त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव नव्या दुधात पडले, की दुधातल्या साखरेच्या बारीक माळा ओवत. त्या माळांवर घरातली लेक चंद्रा काटक झाली होती.

"सगळं दही तिच्या पोटात जातं," विरजण म्हणे, "मी तेवढं तिला कधी भेटत नाही."

"तू गेलंस तर उद्या माळा कोण ओवणार?" गाडगं म्हणे.

चंद्रा लग्न होऊन घाटाखाली गेली. तिथलं दही तिला मानवेना, ती सारखी आजारी पडू लागली. निरोप आला, "आई, आपल्या घरचं विरजण धाड."

वाट तीन दिवसांची होती. आईने स्वच्छ चिंधी विरजणात बुडवून सावलीत वाळत घातली.

"वाळल्यावर तुझ्यात जीव राहील का, कोण जाणे," गाडगं म्हणालं.

"ती वाट बघतेय," विरजण म्हणालं आणि गुमान वाळू लागलं.

चिंधी हाती येताच चंद्राने ती कोमट दुधात सोडली, बोटाने ढवळली आणि सवयीने बोट चाटलं. तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी दही घट्ट लागलं. तिने ते सगळ्यांना वाढलं, स्वतः पोटभर खाल्लं आणि तळाचं चमचाभर जपून मागे ठेवलं.

"तू नाही गेलंस तिच्या पोटात?" नव्या गाडग्याने विचारलं.

"तिने बोट चाटलं होतं," विरजण म्हणालं.