घसा बसलेला उपदेशक

फार पूर्वी, डोंगरात पायवाटांखेरीज वाटा नव्हत्या, त्या काळी एक ख्रिस्ती उपदेशक होता. तो बोलू लागला की लोक हातातले काम थांबवून ऐकत.

एकदा पलीकडच्या खोऱ्यातून त्याला निरोप आला. तिथे विश्वासणाऱ्यांची पाच घरे होती. त्यांची रीत अशी, की दोघांत अबोला असेल तोवर उपासनेत सर्वांनी मिळून खायची प्रभुभोजनाची भाकर मोडायची नाही. दोन जावांच्या अबोल्यामुळे दोन वर्षे भाकर मोडली नव्हती. आता धाकटी जाऊ येत्या सोमवारी मुलाला घेऊन कायमची गाव सोडणार होती.

"येऊन चार शब्द सांगा," असा तो निरोप.

उपदेशकाचा नेहमीचा सोबती आजारी होता. वाट तीन दिवसांची आणि रानाची. तुम्हीआम्ही असतो तर घरीच थांबलो असतो. तो एकटा निघाला.

रानात भीती वाटू लागली, तेव्हा तो क्षमेवरचा उपदेश मोठ्याने म्हणू लागला. वाऱ्यापेक्षा मोठ्याने, ओढ्यापेक्षा मोठ्याने. सोबती असता तर म्हणाला असता, "पुरे की आता, झाडांनाही पाठ झालं." पण एकट्याला पुरे म्हणणारे कोणी नसते. तिसऱ्या दिवशी तो गावात पोहोचला, तेव्हा त्याचा घसा पार बसला होता.

त्या पाच घरांच्या मंडळीचे वडीलधारे पुढारी हताश झाले. "एवढं चालून आलात, आणि आवाज वाटेतच ठेवून आलात होय?"

थोरली जाऊ म्हणाली, "बरं झालं. आता माझं बोलणं तरी पुरं होईल."

उपदेशकाने खुणेनेच दोघींना बसवले.

थोरली सांगू लागली, "माझा लेक तापाने गेला. हिच्या माझ्या घराची भिंत एक. पण आठ दिवस हिने माझा उंबरा ओलांडला नाही."

उपदेशकाने तोंड उघडले. बायबलातले वचन ओठांवर होते, पण आवाज फुटेना. थोरली बोलत राहिली. लेकाला काय आवडायचे, तापात त्याने काय मागितले, आणि ते कसे देता आले नाही. ऐकता ऐकता उपदेशकाचे डोळे भरून आले. ती सगळे सांगून थांबली.

मग धाकटी हळूच म्हणाली, "जाऊबाई, माझ्या लेकरालाही तोच ताप होता. तुमचा गेला त्याच दिवशी माझ्याचा उतरला. वाचलेलं लेकरू कडेवर घेऊन तुमच्यासमोर कशी येणार होते?"

थोरली उठून तिच्याजवळ जाऊन बसली.

"वेडी गं," ती म्हणाली. "तापाच्या रात्री एकटीनेच काढल्यास? हाक तरी मारायचीस."

रविवारी भाकर मोडली गेली. सोमवारी कोणीच गाव सोडून गेले नाही.

उपदेशक परतला तेव्हा लोकांनी त्याची वाहवा केली. तो म्हणाला, "आवाज असता, तर पहिल्याच वाक्याला मी त्या बाईला अडवलं असतं. मी गप्प झालो, तेव्हा कुठे प्रभूला तिथे जागा मिळाली." आपल्याच कीर्तीला उणेपणा आणणारे सत्य असे चारचौघांत सांगणारे विरळाच.

पुढे त्याचा घसा सुधारला. पण नव्या गावी पहिला दिवस तो काही न बोलता ऐकण्यात घालवी, आणि दुःखाच्या घरी लोक सर्वांआधी त्यालाच बोलावीत.

तात्पर्य: दुःखी माणसाचे पुरते ऐकून घेतल्याशिवाय त्याला उपदेश करू नये.