कुणी न मागितलेला झेल

माळावर जनावरं क्रिकेट खेळत होती, त्या काळातली गोष्ट. सशांचा माकडांशी सामना होता आणि हरणाऱ्यांनी उन्हाळाभर नदीकाठ सोडून खडकाळ टेकडीवर राहायचं ठरलं होतं.

शेवटच्या षटकात चेंडू माकडाच्या बॅटला निसटता लागून यष्टिरक्षक सशाच्या पंजात गेला. त्याला आवाज ऐकूच आला नाही, म्हणून त्याने अपील केलं नाही. जवळच क्षेत्ररक्षणाला उभ्या सशाच्या पिल्लाला, चिंगीला, मात्र तो स्पष्ट ऐकू आला होता. पण मोठ्यांच्या आधी बोलू नये, असं तिला आईने शिकवलं होतं. आपण शिकवतोच ना, तसं. पुढच्याच चेंडूवर माकडाने षटकार मारून सामना जिंकला.

"चला ससेभाऊ, टेकडी वाट बघतेय!" माकडं खिदळली.

सामान बांधताना चिंगी हळूच म्हणाली, "आई, तो आधीच बाद होता."

आई धावत पंच कासवाकडे गेली. "आजोबा, तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की. पण कुणी विचारल्याशिवाय बाद द्यायचं नाही, असा नियम आहे. एखादं पोर जरी ओरडलं असतं, तरी मी बोट वर केलं असतं."

"मग मी आता विचारते!"

"पुढचा चेंडू पडला गं बाई. आता उपयोग नाही."

आजोबा काय म्हणाले, हे चिंगी विचारेल, याची आईला टेकडी चढेपर्यंत धास्ती होती. चिंगीने विचारलंच नाही.