वरच्या ओठाचे पीठ

“आणखी किती शब्द झाले म्हणजे पुरे, आजी?”

“तुझ्याकडे किती आहेत?”

“चार हजार दोनशे अकरा. सगळे वहीत आहेत. तारीखवार.”

“मग शनिवारी सभेत वहीलाच उभं कर,” ऑर्फा आजी म्हणाली आणि पुन्हा चाळणी हलवू लागली.

वेंडल पायरीवरच बसून राहिला. आज तो उठणार नव्हता.

नायगारा धबधब्यापासून काही मैलांवर टस्करोरा लोकांची राखीव वस्ती आहे. टस्करोरा हे परक्यांच्या तोंडचे रूप. ते स्वतःला स्कारूरे म्हणवतात. वेंडल तिथलाच. वय एकेचाळीस. पंधरा वर्षे त्याने उंच पुलांच्या लोखंडी तुळया जोडल्या. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटत, तेव्हा हा वही काढून बसे. आपली भाषा त्याला कोणाच्या मांडीवर बसून मिळाली नव्हती. जुन्या ध्वनिफिती, एक जाडजूड कोश आणि चिकाटी, एवढ्या भांडवलावर त्याने ती मिळवली होती. त्याचा त्याला अभिमान होता. जरा जास्तच.

ऑर्फा आजी अठ्ठ्याऐंशींची. ती त्याची सख्खी आजी नव्हे. पण कुळातली थोरली म्हणून सारी वस्ती तिला आजीच म्हणे. या लोकांत कूळ आईकडून चालते, आणि सभेत कुळाच्या वतीने कोणी बोलायचे ते थोरल्या बाईने ठरवायचे. पाळण्यापासून ही भाषा ऐकलेली आणि आजही बोलणारी अशी ती एकटीच उरली होती.

सभा भरली की आधी आभार मानायचे, ही तिथली रीत. माणसांचे, मातीचे, पाण्याचे, मासळीचे, मक्याचे, वाऱ्याचे... एकेकाचे नाव घेऊन. आजीचा भाऊ ते म्हणत असे. त्याला जाऊन अकरा वर्षे झाली. तेव्हापासून टेबलावर टेप ठेवून त्याचाच आवाज लावत.

टेप लावायचे काम रूबेनकाकांकडे होते. ते शहात्तर वर्षांचे, ओठ नेहमी घट्ट मिटलेले. लहानपणी त्यांना दूरच्या निवासी शाळेत नेले होते. तिथे आपली भाषा बोलले की साबणाने तोंड धुऊन काढत. रूबेन हे नावही त्या शाळेनेच ठेवलेले. परत आले ते, “मला येत नाही,” एवढेच सांगत. पोटच्या मुलांनाही त्यांनी तेच सांगितले.

पण आता फीत ताणली होती. मागच्या सभेत आजीच्या भावाचा आवाज मध्येच घोगरा होऊन लांबत गेला, आणि मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसले. त्या हसण्याने वेंडलची झोप उडाली. फीत तुटली की सभा इंग्रजीत सुरू होणार, हे त्याला स्वच्छ दिसत होते. म्हणून त्याने मनाशी पक्के केले. यंदा फीत नाही. माणूस.

आजीने तीनदा नाही म्हटले होते. ही चौथी खेप.

“सगळं पाठ आहे, आजी. एक शब्द चुकलो तर परत तोंड दाखवणार नाही.”

“तोंडच बघायचंय मला. ये इकडं.”

आजीने चाळलेल्या पांढऱ्या मक्याच्या पिठात बोट बुडवले आणि त्याच्या खालच्या ओठावर दाबून फिरवले.

“हे काय?”

“पीठ.”

“ते दिसतंय.”

“मग विचारतोस कशाला? म्हण आता. पुसायचं नाही. चाटायचं नाही.”

वेंडल मनातल्या मनात हसला. खूण त्याला लगेच कळली. प, फ, ब, भ, म... दोन ओठ मिटून काढायची अक्षरे त्या भाषेत नाहीतच. एखादा उसना शब्द सोडला, तर ओठाला ओठ न लावता तिथली माणसे जन्मभर बोलत आली. वेंडलने हे पहिल्याच वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवले होते.

तो उभा राहिला. हात मागे बांधले. माणसांपासून सुरुवात करून आकाशापर्यंत सगळे आभार म्हणून गेला.

“झालं. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.”

“नाही,” आजी म्हणाली.

त्याचा चेहरा फुलला.

आजीने मोठा डाव कमरेच्या कापडाला पुसला आणि त्याची पाठ आरशासारखी त्याच्यासमोर धरली.

वरच्या ओठावर पीठ होते. एकदा लागलेले नव्हे. चार-पाच ठिकाणी.

“शक्यच नाही! त्यात ओठ मिटायचा शब्दच नाही. कुठल्या शब्दाला लागलं, दाखव.”

“शब्दाला नाही लागलं.”

“मग?”

“मासळीच्या आधी काय म्हणालास?”

“काहीच नाही.”

“‘म्म’ म्हणालास. मक्याच्या आधी ‘म्म’. वाऱ्याच्या आधी तर दोनदा. गाय हंबरावी तसा.”

“अगं, तो शब्द नाही. मी आठवत होतो.”

“कुठल्या भाषेत?”

...

वेंडलचे ओठ मिटणार होते, ते अर्ध्यावर थांबले.

“बोलतोस आपल्या भाषेत,” आजी म्हणाली. “अडतोस मात्र इंग्रजीत.”

त्याचा हात सवयीने वहीकडे गेला. पान उघडले. पण हे कोणत्या अक्षराखाली लिहायचे, ते त्याला कळेना.

“लिही, लिही,” आजी खो खो हसली. “चार हजार दोनशे बारा!”

त्याने वही मिटली.

“मग अडलो तर काय करू?”

“अड.”

“नुसता?”

“तोंड उघडं ठेवून.”

“लोक हसतील, आजी.”

“हसू देत. तीनशे वर्षांमागं लढाई हरून, घरं जळून आपले लोक दक्षिणेतनं निघाले. इथं उत्तरेत आपल्यासारख्याच पाच राष्ट्रांचा मेळ आधीच बसला होता. आपण सहावे. कोणी लवकर पोचलं, कोणाच्या पिढ्या वाटेत गेल्या. वाटेत अडले नसतील?”

“अडले असतील.”

“मग सहावी जागा गेली का कुठं?”

वेंडलने मान हलवली. मग हळूच विचारले, “म्हणजे शनिवारी...?”

“रूबेनला टेप आणायला सांगितलंय. तो राहील टेबलावर.”

“आणि मी?”

“तू टेबलाच्या पुढं.”

मधे चार दिवस होते. वेंडलने वही उघडली नाही. रोज सकाळी खालच्या ओठाला पीठ लावायचे आणि आभार म्हणायचे. शब्द आले की पुढे जायचे. नाही आले की तोंड उघडे ठेवून उभे राहायचे. दिसायला सोपे, पण चाळीस वर्षांची सवय ओठात भिनलेली. पहिल्या दिवशी वरच्या ओठाला सहा डाग. दुसऱ्या दिवशी चार. त्याची बायको म्हणाली, “घशात काय अडकलंय का तुझ्या? माशासारखा काय बघतोस?” त्याने हाताने ‘थांब’ अशी खूण केली आणि तसाच उभा राहिला. चौथ्या दिवशी एक डाग राहिला.

शनिवारी सभागृह भरले. मक्याच्या सूपाचा वास दारापर्यंत आला होता. रूबेनकाकांनी टेप टेबलावर ठेवला, फीत घातली आणि बटणाजवळ बोट ठेवून बसले. वेंडल पुढे आला. खालच्या ओठाला त्याने स्वतःच पीठ लावले होते.

माणसे झाली. माती झाली. पाणी झाले. मासळी झाली, मका झाला. प्रत्येकानंतर सगळ्यांनी म्हटले, “न्याऽवे.” आभार.

वाऱ्याची पाळी आली, आणि शब्द गेला.

तो जिभेवर नव्हता. डोक्यातही नव्हता. वहीत होता, आणि वही घरी होती. त्याचे ओठ एकमेकांकडे सरकले... त्याने ते अडवले. तोंड उघडे ठेवून तो उभा राहिला.

खुर्ची करकरली. कोणी खाकरले.

रूबेनकाकांचे बोट बटणावर आले. समोरून ऑर्फा आजीने तळवा वर केला. बोट तिथेच थांबले.

...

...

मग एक आवाज आला. गंजलेली बिजागरी हलावी तसा. वाऱ्याचा शब्द. अख्खा. शेवटाला एक हलका हेलही होता, जो कोशात नव्हता आणि वेंडलच्या कुठल्याच वहीत नव्हता.

सगळ्यांच्या माना वळल्या.

रूबेनकाकांचे बोट अजून बटणावरच होते. त्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. कोणी साबण घेऊन येतंय का, असे.

कोणी आले नाही.

वेंडलने तो शब्द त्यांच्यामागून म्हटला. शेवटच्या हेलासकट. आणि पुढे निघाला, आकाशापर्यंत.

सभा उठली, पंगत बसली. वेंडल आजीपाशी जाऊन खाली बसला. मान खाली घातलेली.

“तीनशे वेळा म्हटला असेन तो शब्द. ऐन वेळी गेला. काकांनी सांगितला नसता तर...”

आजीची नजर पलीकडे होती. रूबेनकाका बंद टेपपाशी बसले होते. पुढ्यातले सूप निवत होते. त्यांचे ओठ उघडे होते, आणि ते स्वतःशीच काहीतरी म्हणत होते. एक शब्द, मग थांबून दुसरा.

“पुढच्या खेपेला एकही विसरणार नाही, आजी. शब्द देतो.”

आजीने अंगठा त्याच्या वरच्या ओठावरून फिरवला. उजेडात धरून पाहिला. अंगठा कोरडा, स्वच्छ.

“पुढच्या खेपेला,” ती म्हणाली, “आणखी एक विसर.”