परेराचा ठोसा

“उस्ताद, तो सामना तुम्ही विकलात का?”

क्लबातला धबाधबा आवाज एकदम बंद पडला. बॅगवर ठोसे मारणारे गडी हात खाली सोडून बघत राहिले.

दाऊद शिकलगार एका मुष्टियोद्ध्याच्या मनगटाला पट्टी गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा होता भार्गव टिपणीस. सिनेमात कधी फौजदार, कधी मुनीम, कधी नायिकेचा बाप. नाव कुणाला सांगता यायचं नाही, चेहरा मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. कॉलेजात असताना तो याच उस्तादांकडे बॉक्सिंग शिकला. पुढे सिनेमानं ओढून नेलं, पण वेड काही सुटलं नाही. दोन शॉटच्या मधे, तोंडाला रंग फासलेला असतानाच, तो पुण्याच्या बॉक्सिंगचा इतिहास लिहीत बसे. ग्रंथ आता छापायला जायचा होता. अडलं होतं एका प्रकरणापाशी: उस्ताद आणि परेरा यांच्या जुन्या सामन्यापाशी.

“तुम्ही जिंकत होतात,” टिपणीस म्हणाला. “परेरा पार दमला होता. आणि अचानक तुम्हीच आडवे! आख्खा पुणे कॅम्प म्हणतो, उस्तादांनी पैसे खाल्ले.”

“मग लिही तसं.”

“लिहीनच. पडण्यातलं मला कळतं, उस्ताद. जन्म गेला कॅमेऱ्यापुढे मार खाण्यात.”

उस्ताद उठले.

“दाखव.”

टिपणीसनं चष्मा काढला, रिंगमध्ये चढला आणि न बसलेला ठोसा जबड्यावर घेतला. मान हिसडली, गुडघे मोडले, पाठ धाडकन फळीवर आली. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

“झकास,” उस्ताद म्हणाले. ते ग्लोव्हज चढवत होते.

टिपणीस हसत उठला... आणि त्याचं हसू विरलं.

समोर उभा असलेला म्हातारा त्याच्या ओळखीचा नव्हता. हनुवटी खांद्याआड गेली होती. डोळे मिटत नव्हते. पाय सरकत, सरकत जवळ येत होते.

“उस्ताद... काय करताय?”

म्हातारा आणखी एक पाऊल पुढे सरकला.

टिपणीस मागे हटला. आणखी हटला. पाठीला दोर लागले. हात वर घ्यायचे असतात, एवढंसुद्धा त्याला आठवेना.

उजवा हात सुटला.

ठोसा त्याच्या नाकापासून वीतभर अलीकडेच थांबला. टिपणीस मात्र कोसळला होता. अंगाचं मुटकुळं झालेलं, ओठ वाकडे.

या वेळी शिट्टी कुणीच मारली नाही.

...

“तुम्ही... तुम्ही मला मारलंच नाही,” तो कसाबसा म्हणाला.

उस्तादांनी दातांनी ग्लोव्हची नाडी सोडली. मोकळा हात पुढे करून त्याला उभं केलं.

“परेरानंही मारलं नव्हतं.”